पांझरेच्या तोंडाशी, आजचा अंदाज

सकाळी सहाची मोजपट्टी:
तापी कालपेक्षा चार बोटं उतरलेली,
रंग दूध कमी पडलेल्या चहाचा.
पांझरा गुडघ्याएवढी, तीही आळसावलेली.
वारा खालून, सारंगखेड्याकडून,
केळीचं पान हलवतो, फाडत नाही.

हे सगळं खात्याच्या वहीत जातं.
घोडी जात नाही.
घोडीसाठी रकाना नाही.
शेवटी 'शेरा' म्हणून एक बारीक पट्टी आहे,
नऊ वर्षं तिथं मी 'निरंक' लिहितो.

साडेसहाला पहिला फोन, पोरगं बेटावदचं:
"काका, आज घोडी उठी का?"
जसा मी तबेला ठेवलाय.

घोडी म्हणजे लाट.
पांझरा जिथं तापीत शिरते
तिथं वाळूचा दांडा आहे पाण्याखाली.
त्याच्यावरून पाणी घसरतं, आपटतं,
आणि कधीमधी जागच्या जागी उभं राहतं,
मान वर, आयाळ पांढरी,
पळते आहे आणि कुठंच जात नाही.

कधीमधी म्हणजे कधी, ते विचारू नका.
तापी फार चढली तर पांझरेच्या तोंडात पाणी कोंबते,
घोडी बुडते.
तापी फार उतरली तर पांझरा पसरते चादरीसारखी,
घोडी निजते.
हतनूरला किती दरवाजे, अक्कलपाड्याला किती,
धुळ्याच्या फरशीवर पाणी कुठं लागलं
हे सगळं जुळलं, तरी रात्री दोन डंपर येतात
आणि दांडाच उचलून नेतात.
डंपरचा अंदाज कुठल्याच वेधशाळेत मिळत नाही.

तर आजचं सांगतो:
अक्कलपाड्यातून रात्री सोडलंय, पण हात राखून.
पोचेल दुपारनंतर, फेस कमी, काडीकचरा जास्त.
दांडा डाव्या अंगाला सरकलाय हातभर.
ट्यूब घरी ठेवा.
आज नाही.

सगळ्यांना तेच सांगितलं.
हिलालच्या नातवाला, कपाशीवर फवारा मारून आलेल्या दोघांना,
शिरपूरच्या त्या मास्तरला, जो नुसता बघायला येतो
आणि बघताना चप्पल हातात धरतो.

योगिता भोईने विचारलंच नाही.
तिच्या बापाची नाव बांधलेली असते त्या बाभळीखाली
ती तीन वाजल्यापासून बसून होती,
शेजारी शाळेच्या पडक्या संडासाचं फायबरचं दार,
निळं, त्यावर अजून 'मुलांसाठी' लिहिलेलं.
मी म्हटलं, घरी जा, आज काही नाही.
ती म्हणाली, "बगळे हटले ना."

बगळे.
माझ्याकडे मोजपट्टी आहे, फोन आहे,
वरच्या दोन धरणांचे नंबर पाठ आहेत.
बगळ्यांचा रकाना नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी
पाण्याने आधी आवाज बदलला,
जात्यात ओलं धान्य पडावं तसा.
मग कंबरभर उंच, दांड्याच्या डाव्या अंगाला,
उठली.

योगिता दारावर पालथी, मग गुडघ्यांवर,
मग उभी.
मी आकडे मोजतो, सवय आहे.
अकरापर्यंत मोजले.
बारावा तोंडात होता तेव्हा दार एकीकडे,
पोरगी एकीकडे,
आणि मी बूट-पायजम्यासकट मांडीभर पाण्यात,
कसा आलो ते आठवत नाही.
ती वर आली, नाकातून तापी गळत होती,
हसायला लागली तर खोकलीच.
"कितलं मोजं, काका?"
अकरा.
"बारा होतं."

पाच वाजता घोडी बसली. कोणी दुसरं आलंच नाही,
मीच तर नको म्हटलं होतं.

संध्याकाळी सहाची मोजपट्टी:
तापी दोन बोटं वर. वारा पडलेला.
शेऱ्यात निरंक लिहिलं, ओल्या हाताने,
शाई थोडी पसरली.

उद्याचा अंदाज उद्या.
आणि खालच्या गावांतल्या नाववाल्यांनो,
एक निळं दार येतंय वाहत,
'मुलांसाठी' लिहिलेलं.
सापडलं तर फोडू नका.
पोरीचं आहे.